प्रचाराचं डिझेल कोणाच्या खात्यात?

आपण ज्या यंत्रावर मत देतो त्याला विजेचा प्लग नसतो. कंट्रोल युनिट ७.५ व्होल्टच्या बॅटरीसंचावर चालतं, व्हीव्हीपॅट २२.५ व्होल्टच्या. वीज पोचली नसेल त्या वस्तीतही मतदान अडू नये म्हणून बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं आणि हैदराबादच्या ईसीआयएलनं ते तसंच घडवलं. १९८२ साली केरळातल्या परूर मतदारसंघात काही केंद्रांवर ही यंत्रं पहिल्यांदा वापरली गेली आणि २००४ पासून लोकसभेची सगळी निवडणूक त्यांच्यावर होते. या यंत्रावर आजवर नाना आरोप झाले, पण ते वीज फार खातं असं कुणी म्हटलेलं नाही. मत नोंदवायला ऊर्जा लागते ती नगण्य. तेच मत मागायला किती लागते, हे मात्र आपल्याकडे कुणी फारसं मोजायला गेलेलं नाही.

निवडणुकीचा खर्च म्हटला की आपण रुपयांत बोलतो. सेंटर फॉर मीडिया स्टडीज या संस्थेनं २०१९च्या लोकसभा निवडणुकीचा एकूण खर्च ५५ ते ६० हजार कोटींच्या घरात धरला होता, २०२४चा १.३५ लाख कोटींपर्यंत. हे अंदाजच, आणि त्यांवर वाद घालायला भरपूर जागा आहे. पण यातला मोठा हिस्सा शेवटी कशाच्या तरी रूपानं जळतो. गाडीच्या टाकीत, हेलिकॉप्टरच्या टाकीत, मंडपामागं घरघरणाऱ्या जनरेटरमध्ये, फ्लेक्सच्या कापडात, मोबाइलच्या टॉवरवर. रुपयांचा हिशेब निदान कागदावर तरी द्यावा लागतो. ऊर्जेचा हिशेब कुणी मागत नाही.

आधी सरकारी बाजू पाहू, कारण तिचे आकडे जाहीर आहेत. २०२४च्या लोकसभेला जवळपास ९७ कोटी मतदार, साडेदहा लाख मतदान केंद्रं, ५५ लाख मतदान यंत्रं आणि दीड कोटी कर्मचारी व सुरक्षा जवान होते. मतमोजणीच्या आदल्या दिवशी निवडणूक आयोगानं सांगितलं, की या कामाला सुमारे चार लाख वाहनं, १३५ विशेष गाड्या आणि १,६९२ हवाई फेऱ्या लागल्या. एका वाहनाला साहित्यवाटपापासून यंत्रं परत जमा होईपर्यंत सरासरी २५ लिटर डिझेल धरलं, तर बेरीज एक कोटी लिटरवर जाते. आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. पण देश रोज ३० कोटी लिटरच्या आसपास डिझेल जाळतो. म्हणजे जगातली सगळ्यात मोठी निवडणूक घ्यायला सरकारी ताफ्याला लागलेलं इंधन हे देशाच्या पाऊण तासाचं इंधन झालं. पक्ष आणि उमेदवार मिळून याच्या दसपट जाळतात असं धरलं, तरी एका दिवसाच्या पलीकडे गोष्ट जात नाही.

तेव्हा निवडणुकांमुळं हवामान बिघडतं, असं कुणी छाती पिटून सांगत असेल तर त्याचा गुणाकार तपासून घ्यावा. पाच वर्षांतून एकदा सत्ता बदलण्याची सोय मिळावी म्हणून देशानं पाऊण तासाचं, अगदी आठ तासांचंही डिझेल मोजलं तर तो सौदा स्वस्तच. मग हा विषय काढायचा कशाला? माझं उत्तर असं, की प्रचारातली ऊर्जा मोजली तर प्रचारातला पैसा सापडतो. रुपया रोख फिरतो, नावं बदलतो, हितचिंतकाच्या खिशातून आला असं दाखवता येतो. जळलेलं डिझेल इतकं सहज नाव बदलत नाही. ते गाडीच्या किलोमीटरला आणि माणसांच्या संख्येला बांधलेलं असतं.

ऊर्जेचा विषय निघाला की बोट पहिल्यांदा हेलिकॉप्टरकडे जातं. साहजिक आहे, ते दिसतं आणि ऐकू येतं. तसं हवेतून प्रचार करणं आपल्याकडे पहिल्या निवडणुकीइतकंच जुनं. १९५१-५२ला नेहरूंनी नऊ आठवड्यांत सुमारे ४० हजार किलोमीटर प्रवास केला, त्यातला बहुतांश विमानानं. आता राज्याच्या निवडणुकीतही दुसऱ्या-तिसऱ्या फळीतला नेता हवेतूनच येतो. एका इंजिनाचं बेल ४०७ तासाला दीडशे-पावणेदोनशे लिटर इंधन पितं, दोन इंजिनांचं एडब्ल्यू १०९ अडीचशेच्या आसपास, मोठं एडब्ल्यू १३९ पाचशेच्या घरात. पण उड्डाणाचे तास मोजताना नेता आत असतानाचेच मोजून भागत नाही. जुहूहून उठलेलं हेलिकॉप्टर मराठवाड्यात पोचेपर्यंत अनेकदा रिकामं असतं, आणि संध्याकाळी नेता मोटारीनं मुक्कामाला गेला की पुन्हा रिकामंच परततं. ३ मे २०२४ रोजी महाडमध्ये शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या सुषमा अंधारे यांना न्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरतानाच कोसळलं. सुदैवानं जीवितहानी झाली नाही. बातमी अपघाताची होती, त्यामुळं एक साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, की ते आलं होतं ते रिकामंच.

हेलिकॉप्टर उतरणार म्हणजे खालीही धावपळ. शाळेचं मैदान नाही तर मोकळं शेत सपाट करायचं, धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारायचं, अग्निशमनचा बंब, रुग्णवाहिका, पोलिसांच्या गाड्या, शिवाय मैदानापासून मंचापर्यंतच्या दोन किलोमीटरसाठी वीस गाड्यांचा ताफा. आयोगाच्या नियमानुसार सुरक्षेची वाहनं सोडून एका ताफ्यात दहापेक्षा जास्त गाड्या नकोत. म्हणून दहा गाड्यांनंतर थोडं अंतर सोडतात आणि पुढच्या दहा निघतात. नियम पाळला जातो, डिझेल तेवढंच लागतं.

नोव्हेंबर २०२४मध्ये वणीला उद्धव ठाकरे यांच्या बॅगा हेलिपॅडवर तपासल्या गेल्या आणि त्यावरून आठवडाभर राजकारण तापलं. मग इतर पक्षांच्या नेत्यांच्याही बॅगा तपासल्याची दृश्यं आली. बॅगेत काय आहे हे पाहायला पथक असतं. टाकीत निघताना किती होतं आणि आता किती उरलं, हे विचारायला कुणी नसतं.

एवढं सांगून झाल्यावर माझ्याच मांडणीला छेद देणारी गोष्ट सांगतो. सभेच्या हिशेबात हेलिकॉप्टर ही किरकोळ बाब आहे. तालुक्याच्या ठिकाणची वीस हजारांची सभा घ्या. नेता दिवसात चार सभा करतो, हेलिकॉप्टर सहा तास उडतं, तासाला तीनशे लिटर धरले तर प्रत्येक सभेच्या वाट्याला साडेचारशे लिटर येतात. मंडपामागं १२५ केव्हीएचे दोन जनरेटर आदल्या रात्रीपासून उभे असतात, एक चालू आणि दुसरा ऐनवेळेसाठी. त्यांचे तीनशे लिटर धरा. महावितरणची तात्पुरती जोडणी मिळते, पण साहेब बोलायला उभे राहिले आणि फीडर गेला तर मंडपवाल्याची पुढची पाच वर्षं गेली. म्हणून कुणी तो धोका घेत नाही. आता माणसं. वीस हजारांतले निम्मे गावोगावहून गाड्यांत भरून आणलेले धरू. क्रूझर, तुफान, पिकअपमध्ये बारा-बारा जण बसवले तर आठशेहून अधिक गाड्या. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, लिटरला दहा किलोमीटर. हे झाले पाच हजार लिटर. म्हणजे आकाशातून आलेल्या एका माणसावर साडेचारशे लिटर, आणि त्याला ऐकायला आलेल्यांवर त्याच्या अकरापट. दुचाक्यांवरची पोरं यात धरलेलीच नाहीत.

हे आकडे ढोबळ आहेत, तालुक्यागणिक बदलतील. पण प्रमाण फारसं बदलणार नाही. निवडणुकीबाहेरच्या मेळाव्यांतही तेच दिसतं. ५ ऑक्टोबर २०२२ला मुंबईत बीकेसीवरच्या दसरा मेळाव्यासाठी एसटीच्या सतराशेच्या वर गाड्या आरक्षित झाल्याच्या बातम्या होत्या. एसटी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाते. सरासरी फेरी चारशे किलोमीटरची धरली तर त्या एका संध्याकाळसाठी दीड लाख लिटर डिझेल लागलं.

आणि इथं कायद्याचा धागा हाती लागतो. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, लोकसभेला ९५ लाखांची. गोव्यात हेच आकडे २८ आणि ७५ लाख. वर सांगितलेल्या सभेतल्या नुसत्या जीपगाड्यांचं डिझेल साडेचार लाखांचं होतं. गाडीभाडं, चालकांचं जेवण, प्रत्येकाच्या हातावरचं काही, हे सगळं वेगळं. एका सभेच्या डिझेलमध्ये मर्यादेचा नववा हिस्सा संपतो. तरीही निकालानंतर तीस दिवसांत उमेदवार जो हिशेब सादर करतो, तो बहुतेकांचा मर्यादेच्या बराच आत बसतो. हे जमतं कसं?

याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. १९७४च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सांगितलं, की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे. अमरनाथ चावला यांची निवड रद्द झाली. त्याच महिन्यात सरकारनं अध्यादेश काढला आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७व्या कलमाला स्पष्टीकरण जोडून पक्षाचा आणि मित्रमंडळींचा खर्च उमेदवाराच्या खात्यातून बाहेर काढला. न्यायालयानं लावलेलं कुलूप महिना सरायच्या आत निघालं. २००३च्या दुरुस्तीनं ही सूट बरीच आवळली, पण एक खिडकी उघडी ठेवली: पक्षाच्या नेत्यांचा, म्हणजे स्टार प्रचारकांचा, विमानानं वा इतर कोणत्याही साधनानं होणारा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात येत नाही. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस प्रचारक नेमता येतात. उमेदवार त्यांच्यासोबत मंचावर बसला तर मंडपाचा खर्च त्याच्या वाट्याला येतो, हेलिकॉप्टरचा नाही. आणि पक्षाच्या एकूण खर्चाला तर मर्यादाच नाही. थोडक्यात, प्रचारात किलोमीटरमागं सगळ्यात जास्त ऊर्जा खाणारं वाहन उमेदवाराच्या हिशेबातून कायद्यानंच वगळलेलं आहे.

जीपगाड्यांना मात्र अशी सूट नाही. त्या हिशेबातून कायद्यानं सुटत नाहीत, पंपावरून सुटतात. आचारसंहितेच्या काळात ग्रामीण भागातल्या पंपावर चिठ्ठी चालते. कार्यकर्ता छोटी सही असलेला कागद दाखवतो, वीस लिटर टाकून घेतो, पैसे नंतर येतात. गाडी एकाची, चिठ्ठी दुसऱ्याची, बिल तिसऱ्याच्या नावानं. गाड्या 'स्वयंस्फूर्तीनं' आलेल्या असतात. खर्च निरीक्षकाचं पथक मैदानावरच्या खुर्च्या मोजतं, चहा आणि वडापाव जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या दरपत्रकाप्रमाणे लावतं, चित्रीकरण करतं, छाया नोंदवही भरतं. पण दहा किलोमीटरवर उतरवून चालत आणलेल्या माणसांच्या गाड्या त्या चित्रीकरणात येत नाहीत.

फ्लेक्सचं प्रकरण निराळं, कारण तिथं ऊर्जा जळताना दिसतच नाही. ती कापडात आधीच भरलेली असते. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर चढवलेलं पीव्हीसी. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो आणि क्लोरीन मिळतो तो मिठाच्या पाण्यात वीज सोडून, टनाला अडीच हजार युनिटच्या आसपास. दहा बाय वीस फुटांच्या एका फ्लेक्सचं वजन पाच किलोच्या आगेमागे भरतं आणि तो तयार होईपर्यंत साधारण आठ लिटर डिझेलच्या उष्णतेइतकी ऊर्जा खर्च झालेली असते. मतदारसंघात असे दोन हजार लागले तर तीन मोठ्या सभांची बरोबरी झाली. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१७मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला. त्यानंतरही चौक तसेच आहेत. एवढं खरं, की निकालानंतर हे कापड वाया जात नाही. कांदाचाळीवर, गोठ्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ते दोन-तीन पावसाळे काढतं. पडलेल्या उमेदवाराचा समाजाला एवढा तरी उपयोग.

मग सगळं मोबाइलवर न्यावं का? हिशेब तरी मोहात पाडणारा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे तासभर व्हिडिओ पाहायला, सर्व्हर, जाळं आणि उपकरण मिळून, ०.०८ युनिटच्या आसपास वीज लागते. तीस सेकंदांची चित्रफीत एक कोटी लोकांनी पाहिली तरी साडेसहा हजार युनिटांत काम होतं. आपल्या कोळशाच्या विजेवर त्याचे साडेचार टन कार्बन डायऑक्साइड होतात. वीस हजारांच्या त्या एका सभेचे पंधरा टन. एक कोटी लोक एकीकडे, वीस हजार दुसरीकडे.

गफलत अशी, की मोबाइलवरचा प्रचार सभेच्या जागी येत नाही, सभेच्या वर चढतो. २०१४ला भाजपनं नरेंद्र मोदींची त्रिमितीय भाषणं साडेतेराशेच्या आसपास ठिकाणी दाखवली. नेता एका जागी उभा होता, प्रवास वाचला. पण प्रत्येक ठिकाणी सामान घेऊन गाडी गेली, जनरेटर गेला, पडदा उभा राहिला आणि ते पाहायला माणसंही गाड्यांतूनच आली. शिवाय त्याच मोहिमेत प्रत्यक्ष सभा चारशेच्या वर झाल्या. जानेवारी २०२२मध्ये तर कोविडमुळं निवडणूक आयोगानंच गोव्यासह पाच राज्यांत सभा, रोड शो आणि वाहनफेऱ्यांवर बंदी घातली होती. सक्तीनं का होईना, सभेशिवाय निवडणूक कशी दिसते हे काही आठवडे पाहायला मिळालं. बंदी शिथिल होताच सगळे पुन्हा मैदानात उतरले. मतदान काही कोसळलं नव्हतं, गोव्यात तर ते दणदणीत झालं. पण सभा लोकांना काही सांगण्यासाठी असते हा समजच चुकीचा. ती ताकद दाखवण्यासाठी असते. आठशे जीपगाड्या तालुक्याच्या रस्त्यावरून धुरळा उडवत गेल्या म्हणजे गावागावांत कळतं, की याच्याकडे आठशे जीपगाड्या भरणारी माणसं आहेत. तिथं डिझेल हाच निरोप असतो. आणि अलीकडे मैदानावरची गर्दी ड्रोनच्या कॅमेऱ्यासाठीही हवी असते, म्हणजे मोबाइलवरच्या तीस सेकंदांसाठीसुद्धा आधी पाच हजार लिटर जाळावे लागतात.

हवामानाचा उलटा परिणाम प्रचारावर होतो तो वेगळाच. २०२४ची लोकसभा निवडणूक १९ एप्रिल ते १ जून अशी सात टप्प्यांत ताणली गेली, महाराष्ट्रात पाच टप्पे. २४ एप्रिलला पुसदच्या सभेत नितीन गडकरी भाषण करता करता भोवळ येऊन पडले. विदर्भात एप्रिलच्या दुपारी माणसं बसवायची तर मंडप, फवाऱ्याचे पंखे, मंचावर कूलर हवेत. नाही तर सभा रात्री घ्यायची आणि दिवे लावायचे. त्याच वर्षी महाराष्ट्र विधानसभेचं मतदान मात्र २० नोव्हेंबरला एकाच दिवशी उरकलं.

'एक देश एक निवडणूक'चे समर्थक इथं लगेच हात वर करतात. कोविंद समितीचा अहवाल मार्च २०२४मध्ये आला, घटनादुरुस्तीचं विधेयक डिसेंबरात लोकसभेत मांडलं गेलं. मुंबईकरांनी २० मे आणि २० नोव्हेंबर अशा बरोबर सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा बोटाला शाई लावून घेतली, हे पाहता सरकारी वाहनांची आणि सुरक्षा दलांच्या प्रवासाची बचत होईल हे मान्य करायला हरकत नाही. पण ती बचत त्या पाऊण तासातली. प्रचार मात्र मिळेल तेवढी जागा व्यापतो. १९९९ला महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या होत्या, तेव्हा लोकसभेचा उमेदवार आपल्या सहा विधानसभा उमेदवारांच्या गाड्यांवर विसंबून होता आणि ते सहा जण त्याच्या. दोघांचं मिळून कमी जळलं का, हे तेव्हाही कुणी मोजलं नाही. संघराज्याचा आणि राज्यांच्या स्वायत्ततेचा एवढा मोठा प्रश्न डिझेलच्या बचतीवर सोडवायचा नसतो, हे आहेच.

हिरव्या निवडणुकीचे प्रयोग झाले आहेत, पण ते बहुतेक भलत्या टोकाला. आयोग १९९९पासून प्लास्टिक टाळण्याचं आवाहन करत आला आहे. केरळात फ्लेक्सवर बंदी आली. गोव्यात २०२२ला राज्य जैवविविधता मंडळानं सत्तरी आणि फोंडा भागातल्या कारागिरांकडून बांबू, नारळाच्या झावळ्या असं साहित्य वापरून काही मतदान केंद्रं सजवली. ती देखणी होती आणि कारागिरांना काम मिळालं. एस्टोनियात ऑनलाइन मतदानाच्या अभ्यासात कागदापेक्षा मतदाराचा केंद्रापर्यंतचा प्रवासच जास्त ऊर्जा खातो असं दिसलं. आपल्याकडे तो प्रश्न उद्भवत नाही, केंद्र दोन किलोमीटरच्या आत असावं असाच आयोगाचा दंडक आहे. आपला सगळा भार मतदानाच्या आधीच्या आठवड्यांवर आहे आणि नेमका तिथं कुणी हात घातलेला नाही.

हात घालायचा तर नवा कायदाच लागेल असं नाही. प्रचाराच्या प्रत्येक वाहनाला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा परवाना लागतो. त्याची मूळ प्रत काचेवर लावावी लागते. गाडीचा क्रमांक, दिवस, भाग हे तिथं आहेच, त्यात सुरुवातीचं आणि शेवटचं किलोमीटर-वाचन आणि भरलेल्या लिटरचा रकाना घालायचा. विधानसभेनंतर ७५ आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत पक्ष आयोगाला खर्चाचं विवरण देतात, त्यात स्टार प्रचारकांचा प्रवास रुपयांत असतो. तिथं उड्डाणाचे तास मागायचे, रिकाम्या फेऱ्यांसकट. आचारसंहितेच्या काळात दारूच्या रोजच्या विक्रीवर नजर ठेवली जाते आणि मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडली जाते. तसं पंपांच्या विक्रीचं करता येईल, तेल कंपन्यांकडे ती पंपागणिक असतेच. नेहमी दिवसाला तीन हजार लिटर विकणाऱ्या तालुक्याच्या पंपानं सभेच्या दिवशी आठ हजार विकले, तर निरीक्षकाला कुणाच्या हिशेबात काय राहिलं ते विचारायला जागा मिळेल.

पक्ष याला राजी होतील ते हेलिकॉप्टरपुरते. त्याचं लॉगबुक असतंच, आकडा छोटा आहे आणि तो दिल्लीच्या खात्यात जातो. अडेल ते जीपगाड्यांवर.